चौलचे बंदर आणि ओझे वाहणारे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे इतिहासाचा विषय मागितला, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. आमची शाळा सातवीतच सुटली. त्यानंतरची तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांपुढे आणि कामगार कचेरीच्या बाकांवर गेली. वाचन जे झाले ते रात्री, सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा आज पंडिताचे भाषण ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. एक जुने बंदर आम्ही पाहून आलो. तेथे आमच्या एका सोबत्याने एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्राचीन बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भूमध्य समुद्र येतो. अलेक्झांड्रिया, तिचे जगप्रसिद्ध दीपगृह, व्हेनिसची गलबते. ही स्थळे आम्ही पाहिलेली नाहीत आणि आता पाहू असेही वाटत नाही. परंतु त्या समुद्राशी दोन हजार वर्षांपूर्वी ज्याचे देणेघेणे होते असे एक बंदर आपल्या शिरूर-दौंडापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. ते म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल.

सहलीचे निमित्त सुखाचे नव्हते. आमच्या भागातील एक कारखाना बंद झाला. यंत्रे गाड्यांवर चढवून दुसऱ्या राज्यात गेली. कामगारांच्या देण्यासाठी चौदा महिने भांडावे लागले. शेवटच्या बैठकीत व्यवस्थापकांनी एक वाक्य उच्चारले: "कारखाना आम्ही उभा केला, आम्ही नेला, तुमचे त्यात काय होते?" देणे मिळाले, पण ते वाक्य माणसांच्या मनातून जाईना. त्यातील काही जण, दौंडच्या रेल्वे यार्डातून निवृत्त झालेले तात्या, आणि शिरूरच्या बाजारात हमाली करणारे दोघे, असे आम्ही अकराजण माघ महिन्यात निघालो. समुद्र पाहावा, दोन दिवस मन मोकळे करावे, एवढाच हेतू. अकरांपैकी चौघांनी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता.

पुणे, खंडाळा, खोपोली, पेण करीत अलिबागेस पोचलो, तो ओहोटीची वेळ होती. पाणी मागे सरले होते आणि लोक चालत कुलाबा किल्ल्याकडे निघाले होते. आमचे लोक आधी बिचकले, मग विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून लहान मुलांसारखे पळत सुटले. पन्नाशी उलटलेले, यंत्रावर दोन बोटे गमावलेले गृहस्थ ओंजळीत पाणी घेऊन चाखून पाहत होते. "आण्णा, खरंच खारं आहे की!" आम्ही सर्वच हसलो.

दुसऱ्या दिवशी अलिबागेहून दक्षिणेस निघालो. वाटेत आक्षी लागते. तेथील शिलालेख मराठी भाषेतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक समजतात. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा त्याचा काळ अभ्यासकांनी लावला आहे. आपली भाषा दगडावर उमटली ती समुद्राच्या इतक्या जवळ, हे देशावरच्या माणसाला नवल वाटण्याजोगे आहे. पुढे नागाव, आणि मग नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाता जाता चौल केव्हा आले हे कळतही नाही.

कळत नाही, कारण तेथे बंदर म्हणून दाखविण्याजोगे काहीच उरलेले नाही. रामेश्वराचे देऊळ आहे, त्याची पुष्करणी आहे, डोंगरावर दत्ताचे स्थान आहे, जुन्या हमामखान्याचे अवशेष आहेत. पण गलबते कोठे लागत होती असे विचारले, तर लोक चिखलाच्या खाडीकडे बोट दाखवितात. आमचे हमाल सोबती त्या चिखलाकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "आण्णा, इथं माल उतरत होता म्हणता. मग तो उतरवला कुणी? त्यांचं नाव कुठं लिहिलंय का?"

तो हा प्रश्न. आता इतिहासाकडे वळू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांची माहिती देणारे पुस्तक लिहिले. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखले जाते. लेखकाचे नाव मात्र टिकले नाही. त्यात भडोच, सोपारा, कल्याण यांच्यानंतर 'सेमिल्ला' या बंदराचा उल्लेख आहे. हेच चौल. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीने 'सिमिल्ला' म्हणून त्याची नोंद केली. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत 'चेमुल' हे नाव येते. तेथील लोकांनी त्या डोंगरात दानधर्म केला होता.

व्यापाराची रीत अशी होती. भूमध्य समुद्राकडचा माल अलेक्झांड्रियास जमे. तेथून नाईल नदीने होड्यांतून वर, मग उंटांच्या पाठीवर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके व म्योस होर्मोस या बंदरांस. तेथून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर शिडे सोडून आपल्या किनाऱ्यास. स्ट्रेबो लिहितो की त्याच्या काळी एकट्या म्योस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानाकडे जात. येताना मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्यारुप्याची नाणी येत; जाताना आपले सुती कापड, मिरी, अकीकासारखे खडे, हस्तिदंत जाई. हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमच्या प्लिनीने करून ठेवली आहे. बेरेनिकेच्या उत्खननात आपल्याकडचे सागवान निघाले, मिरी निघाली, आणि अलीकडे, २०२२ साली, बुद्धाची एक मूर्तीही निघाली.

चौल आणि जुन्नर येथील उत्खननांत भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. असा कुंभ भरला म्हणजे त्याचे वजन चाळीस-पन्नास किलोपर्यंत जाते. हे आम्ही चौलात सांगितले, तेव्हा आमचे हमाल सोबती एकमेकांकडे पाहू लागले. पन्नास किलो म्हणजे त्यांची रोजची गोणी. दोन हजार वर्षांत राज्ये बदलली, नाणी बदलली, देवळे बदलली. माणसाच्या पाठीवरचे ओझे तेवढेच राहिले.

मग त्या वाहणाऱ्यांची नावे कोठे आहेत? व्हिएन्नात दुसऱ्या शतकातील एक पपायरसाचा कागद जपून ठेवला आहे. केरळातील मुझिरिस बंदराशी होणाऱ्या व्यापाराच्या कर्जाचा तो करारनामा आहे. त्यात 'हर्मापोल्लॉन' या जहाजाचे नाव आहे, मालाची किंमत आहे, पंचवीस टक्के जकातीची तरतूद आहे. आणि वाळवंट ओलांडण्यासाठी माल 'विश्वासू उंटवाल्या'च्या हवाली केला जाईल, असेही कलम आहे. जहाजाला नाव आहे. उंटवाला नुसता विश्वासू आहे. कामगाराच्या इमानावर लाखोंचा व्यवहार उभा करावयाचा आणि त्याचे नाव लिहावयाचे नाही, ही रीत आजची नाही.

पण आपल्याकडे, आणि तेही आपल्याच पुणे जिल्ह्यात, थोडे निराळे दिसते. किनाऱ्यावर उतरलेला माल सह्याद्री चढून वर येई. एक वाट नाणेघाटाची. त्या घाटातील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, पाण्याची टाकी आहेत, आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. ही वाट चढली की जुन्नर. आणि जुन्नराजवळून वाहणारी कुकडी पुढे आपल्या घोडनदीला मिळते, घोड भीमेला मिळते, आणि भीमा दौंडाजवळून जाते. अलेक्झांड्रियाहून निघालेल्या मालाने जेथे विसावा घेतला, त्या डोंगरावरचा पाऊस आपल्या गावांकडे येतो. तेव्हा हे बंदर परक्यांचे नव्हे.

जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांतील इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने भोजनमंडप दिला, चंद नावाच्याने दर्शनी भागाचे काम करविले. परमुलखातून आलेल्या माणसाने दान करावयाचे ठरविले, आणि टाके व भोजनमंडप दिला. ज्याने लांबचा प्रवास केला असेल त्यालाच पाण्याची आणि जेवणाची किंमत असते.

त्याच लेण्यांत आम्हांस अधिक जवळचे वाटणारे दुसरे लेख आहेत. त्यांत श्रेणींचा उल्लेख येतो: बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी. लोक आपल्या दानाचा निधी या श्रेणींकडे ठेवीत आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंची व्यवस्था होई. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने तर रकमाच कोरून ठेवल्या आहेत: विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने; दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. राजाच्या जावयाने आपली ठेव विणकरांकडे ठेवावी, एवढी त्या विणकरांची पत होती.

श्रेणी म्हणजे आजची कामगार संघटना, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर ती फसवणूक होईल. श्रेणीत धंद्याचे मालकही असत, आणि निव्वळ ओझे वाहणाऱ्याला तीत स्थान होते असे दाखविता येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्यांनी एकत्र येऊन आपली संस्था उभी केली, त्यांचा धंदा तरी दगडावर राहिला. जे एकेकटे राहिले, ते घाटाच्या धुळीत मिसळून गेले.

पुढची हजार वर्षे चौल नांदते होते. अरब प्रवासी अल् मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आला. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो आणि परदेशांतून आलेल्या व येथेच वसलेल्या सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती वर्णितो. त्या वेळी राज्य शिलाहारांचे होते. इ. स. १४६९ च्या सुमारास रशियातील अफनासी निकितिन हा व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. पालीच्या वाटेने घाट चढून जुन्नरास पोचावयास त्याला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. पावसाळा त्याने जुन्नरात काढला. तेथील अंमलदाराने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि मोठ्या खटपटीने तो परत मिळाला, ही हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आज त्याचे स्मारक आहे. त्या घोड्याला वाटेत ज्यांनी चारापाणी घातले, त्यांचे स्मारक असणे शक्य नाही. त्यांची नावे त्याच्या वहीत नाहीत.

चौलाच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे चौल हे बंदर होते. त्या सुलतानाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ साली येथे कोट बांधावयास घेतला. त्याआधी, १५०८ च्या मार्चमध्ये, याच पाण्यात एक मोठी लढाई झाली. मिसरच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी पोर्तुगीजांचा पराभव केला आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. मिसरच्या त्या आरमारासाठी लाकूड भूमध्य समुद्राकडून आणले होते आणि उंटांवरून सुवेझला नेऊन तेथे गलबते बांधली होती. मिऱ्यांचा व्यापार कोणाच्या हाती राहावयाचा याचा झगडा भूमध्य समुद्रापासून आमच्या कोकणच्या खाडीपर्यंत आला होता. आज त्या जागी कोळ्यांच्या होड्या उभ्या असतात.

रेवदंड्याच्या तटातून डांबरी रस्ता सरळ आत जातो. आत वाड्या, विहिरी, घरे, आणि मधूनच एखादी छप्पर नसलेली चर्चची भिंत. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले गेले आहेत. तटापलीकडे काळसर वाळूची लांब पुळण आहे. संध्याकाळी आम्ही तेथे बसलो. पलीकडे कोरलईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसत होता. ज्यांनी हे तट बांधले, ते १७४० पर्यंत येथे होते. आदल्या वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि मग तहाने चौलही मराठ्यांकडे आले.

पण बंदर मेले ते तहाने नव्हे. खाडी गाळाने भरत गेली, हे एक कारण. मुंबई वाढली, हे दुसरे. तिसरे कारण पुस्तकांत एखाद्या ओळीत येते, पण आम्हांस ते मोठे वाटते. चौल त्याच्या रेशमी कापडासाठी प्रसिद्ध होते. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवावयास घेतली, तेव्हा त्यांनी चौलच्या विणकरांना बोलावून तेथे वस्तीला जागा दिली. विणकर माग उचलून निघून गेले. तट जागेवर होता, तोफा जागेवर होत्या, चर्चच्या घंटा वाजत होत्या. आणि गावातून मागाचा आवाज गेला. मुंबईच्या चतुर राज्यकर्त्यांना जे कळले होते, ते आमच्या त्या व्यवस्थापकांना कळले नाही. नवे शहर वसवावयाचे तर आधी हात आणावे लागतात.

आता जे गेले नाहीत त्यांच्याकडे पाहू. कोरलईत आजही काही शे कुटुंबे पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात. पोर्तुगालचे सरदार गेले, पण किल्ल्याच्या चाकरीतील साध्या माणसांच्या घरांत त्यांची भाषा पावणेतीनशे वर्षांनंतरही जिवंत आहे. याच किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक आहेत. आपले पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची ती माणसे येथे तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आठवड्याच्या सुट्टीवरून एका समाजाला नाव पडावे, हे आमच्या कामगारांना फार आवडले. पुढे बरेच जण इस्राएलला गेले. काही घरे व प्रार्थनामंदिरे अलिबाग-रेवदंड्याकडे अजून आहेत.

आणि याच अलिबाग तालुक्यात चरी हे गाव आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली तेथील कुळांनी खोतांची जमीन कसणार नाही असे ठरविले आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षे, तो संप चालविला. जंगलातील लाकूडफाटा विकून, खाडीत मासे पकडून त्यांनी दिवस काढले. विणकर निघून गेले तेव्हा बंदराला हातांची किंमत कळली. चरीच्या कुळांनी गाव न सोडता ती जमिनीच्या मालकांना समजावून दिली.

परतीच्या वाटेवर गाडी बोरघाट चढू लागली. तात्या खिडकीशी बसले होते. या घाटातील लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर त्यात मेले. घाटाला नाव आहे, पुलांना क्रमांक आहेत, इंजिनियरांची चरित्रे आहेत. आमच्या दौंडाहून मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाला. त्याचे बरेच मातीकाम दुष्काळी कामावर आलेल्या उपाशी माणसांनी केले. तात्यांनी त्याच मार्गावर छत्तीस वर्षे काढली. ते म्हणाले, "आण्णा, आपण रोज ज्यावर चाललो, ते कुणाचं होतं हे आज कळलं."

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा झाला. त्या कायद्याने मंडळे आली आणि मंडळांबरोबर नोंदवही आली. ओझे वाहणाऱ्याचे नाव, त्याने केलेले काम, त्याची मजुरी लिहून ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. त्या कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र नीट होते असे नाही. त्यासाठी अजून भांडावे लागते. परंतु आमच्या सोबत्याने चौलच्या चिखलाकडे पाहून जे विचारले, त्याचे इतिहासातील पहिले थोडेसे उत्तर त्या नोंदवहीत आहे.

शिरूरला परतल्यावर आम्ही एक काम हाती घेतले आहे. बंद झालेल्या त्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांनी काम केले, त्यांची यादी करावयाची. कायम, बदली, कंत्राटी, झाडूवाल्या बायका, माल भरणारे, सर्वांची. गाव, काम, वर्षे, आणि झालेली इजा. आजवर २१४ नावे मिळाली. काही मेलेल्यांची नावे त्यांच्या बायकांनी येऊन सांगितली. एक बाई म्हणाली, "त्यांचं नाव नीट लिहा दादा, पगाराच्या कागदावर कायम चुकत होतं."

आपल्यापैकी ज्यांचा त्या कारखान्याशी संबंध आला असेल, त्यांनी संघटनेच्या कचेरीत येऊन नाव सांगावे. संध्याकाळी सहानंतर आम्ही तेथे असतो. आणि ज्यांना जमेल त्यांनी एकदा चौल-रेवदंड्याला जाऊन यावे. ओहोटी पाहून जावे म्हणजे पुळणीवर लांबवर चालता येते. मुलांना बरोबर न्यावे. समुद्र तर दाखवावाच. पण तेथे माल कोणी उतरविला, हेही त्यांना विचारू द्यावे.